शिकविलेले जनावर ऐन वेळी का चुकते?

घरच्या शेतात कोळप्याला सरळ चालणारा बैल दुसऱ्याच्या शेतात ओळ सोडतो आणि फास उभ्या रोपांवरून जातो, हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना आहे. बैल हट्टी झाला असे समजून त्यास मारण्यात येते. चुकीचे खरे कारण समजण्यास एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये १९७८ साली क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा खेळ दाखविण्यात आला. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून तो सुचला होता व पुढे अनेक देशांत पसरला. यात कुत्रा मोकळा धावतो; धन्याने त्यास हात लावावयाचा नसतो, केवळ आवाजाने व इशाऱ्याने मार्ग दाखवावयाचा असतो. आडव्या दांड्यांवरून उड्या व बोगदा ही कामे कुत्रा लवकर शिकतो. अवघड असतात त्या ओळीने उभ्या केलेल्या काठ्या. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पूर्ण शर्यतीत अशा बारा काठ्या सुमारे ६० सेंटिमीटर अंतरावर असतात. पहिली काठी डाव्या अंगास ठेवून शिरावयाचे व एकही न सोडता नागमोडी बाहेर पडावयाचे. सरावात ही ओळ शेकडो वेळा बिनचूक पार केलेला कुत्राही शर्यतीत येथेच चुकतो.

उडी मारणे हे कुत्र्याच्या स्वभावातच आहे. काठ्यांतून वळत जाण्याचे त्यास निसर्गतः काहीच प्रयोजन नाही. ती सर्वस्वी शिकविलेली गोष्ट आहे. शिवाय जनावर काम शिकते तेव्हा त्या कामाबरोबर जागा, जमीन, येण्याची दिशा व धन्याची उभे राहण्याची जागा हेही शिकते. सरावात तो समोरून, बेताच्या वेगाने येत असतो. शर्यतीत बोगद्यातून सुसाट सुटून तिरकस येतो, पाऊल वेळेवर आखडता येत नाही आणि पहिल्याऐवजी दुसऱ्या फटीत शिरतो. ओले गवत पायाखाली असले तर अधिकच पंचाईत होते.

अनुभव येथे कधीकधी आडवा येतो. नवखा कुत्रा सावकाश चालतो. मुरलेला कुत्रा वेगाने जातो व धन्याच्या खांद्याच्या हालचालीवरून पुढचे ओळखतो. धनी घाईने पुढच्या अडथळ्याकडे वळला की कुत्रा दहाव्या काठीशीच बाहेर पडतो. चूक कुत्र्याच्या नावे मांडली जाते. इशारा मात्र धन्याचा असतो.

कोळप्यावर नेमके हेच घडते. बांध जवळ येताच हाकणारा अगोदरच कासरा ओढू लागला, तर बैल तास संपण्यापूर्वी वळावयास शिकतो. डावीकडे चालणारा बैल उजवीकडे जुंपला की बिचकतो, कारण त्याची शिकवण एकाच बाजूची असते. म्हणून नवीन बैलास एकाच शेतात, एकाच हाकणाऱ्याच्या हाताखाली तयार करून थांबू नये. प्रथम रिकाम्या जमिनीवर रेघा ओढून, मग निरनिराळ्या शेतांत, दोन्ही बाजूंस जुंपून व हाकणारा बदलून त्यास चालवावे. परक्या शेतात पहिली दोन तासे सावकाश घ्यावीत. चुकल्यावर मारल्याने बैलास ओळ समजत नाही. भीती मात्र त्या कामाशी जोडली जाते.

आणखी एक गोष्ट ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांच्या नजरेस आणावी. वर्षानुवर्षे नीट धावणारा कुत्रा एकाएकी काठ्या टाळू लागला, तर जाणते लोक प्रथम त्याची पाठ व खांदा तपासून घेतात, कारण त्या वळणांचा ताण तेथेच पडतो. मुरलेला बैल अचानक ओळ सोडू लागल्यास जू काढून त्याची मान व खांदा हाताने दाबून पाहावा, खुरात काटा वा खडा आहे काय हे पाहावे. खांदेसूज आढळल्यास ती उतरेपर्यंत त्यास जुंपू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.