कुजायचं राहून गेलेलं रान

भिलाईच्या कुरुदमध्ये बोअर कितीही खोल घेतली, तरी तळच्या खडकात पानाचा ठसा सापडायचा नाही. (धमतरीकडचं कुरुद वेगळं, हे कोहक्याच्या बाजूचं.) या पट्ट्यातला चुनखडक सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचला. जमिनीवर वनस्पती आल्या त्या साधारण 47 कोटी वर्षांपूर्वी. पान नावाची गोष्टच जगात नव्हती, तेव्हाची ही जमीन आहे.

म्हणून ती अगदीच कोरी आहे असं मात्र नाही. जवळच्या नंदिनीच्या खाणीतून भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडक जातो. 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली. खनिजातली नको असलेली वाळू-माती स्लॅग म्हणून बाहेर काढायला भट्टीला चुनखडक लागतोच. रायपूर-दुर्ग भागात या चुनखडकाच्या मोठ्या थराला भूशास्त्रज्ञ चंडी फॉर्मेशन म्हणतात. त्यात जागोजागी घुमटांसारखे आकार दिसतात, एकावर एक बारीक पापुद्रे चढलेले. हे स्ट्रोमॅटोलाइट. शाळेत ज्यांना नीलहरित शैवाल म्हणून शिकवतात, त्या सायनोबॅक्टेरियांचा चिकट साका समुद्रतळावर पसरायचा, त्यावर गाळ बसायचा, चुना साचायचा. उजेडासाठी जिवाणू पुन्हा वर सरकायचे आणि नवा पापुद्रा धरायचा. ते स्वतः बहुतेक ठिकाणी उरले नाहीत, त्यांचं बांधकाम उरलं. आज प्रत्येक हिरव्या पानात जे हरितलवक असतं, ते अशाच एका सायनोबॅक्टेरियाचा वंशज आहे. म्हणजे पानांचं नसलं, तरी पानांच्या आजेकुळाचं दफ्तर कुरुदच्या शेजारी आहे.

खरी पानं पाहायची तर हावडा-मुंबई लाइन धरून नागपूरकडे सरकावं लागतं. त्याआधी एक प्रश्न निकालात काढू. दरवर्षी जंगलात इतका पाचोळा पडतो, मग पायाखाली सगळीकडे पानांचे जीवाश्म का नाहीत? कारण बुरशी आणि जिवाणू आपलं काम चोख करतात. एका पावसाळ्यात पानाची चाळण होते, दोन-तीन वर्षांत माती. पान टिकायचं, तर या मंडळींना ते मिळता कामा नये. त्यासाठी ते साचलेल्या पाण्यात पडावं, भिजून तळाला जावं, लगेच बारीक गाळाखाली गाडलं जावं आणि तिथे प्राणवायू जवळजवळ नसावा. जीवाश्म म्हणजे कुजण्याला पडलेला खंड.

असा खंड गोंडवन काळात वारंवार पडला. त्या काळी भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांना चिकटलेले होते. नद्यांच्या खोऱ्यांत दलदली होत्या आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची झाडं होती. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठळक शीर, तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. कोरब्याचा जो कोळसा विजेसाठी जळतो, तो या रानाचा दाबून काळा झालेला अवशेष. गंमत अशी, की कोळशात पान सहसा ओळखू येत नाही, इतका तो चेपलेला असतो. ते दिसतं कोळशाच्या वर बसलेल्या शेलमध्ये, म्हणजे बारीक चिखलापासून झालेल्या पापुद्रेदार खडकात. तिथे पानाचा काळा, चकचकीत कार्बनी पापुद्रा उरतो. नशीब चांगलं असेल तर पानावरचं मेणचट आवरणही टिकतं. ते आम्लात सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की पर्णरंध्रं मोजता येतात.

नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मात गोष्ट आणखी साधी आहे. तिथे बहुतेकदा पान गेलेलं, ठसा राहिलेला. हे नमुने गोळा केले स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. चार्ल्स बनबरी यांनी 1861 मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळ सुमारे 16 किलो दगड सापडले. त्यांत हीच ग्लॉसोप्टेरिसची पानं होती.

हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना 1851 मध्ये नागपूरच्या टाकळीला जे मिळालं, ते माझ्या मते याहून मोलाचं. तिथे फळं, बिया, लाकूड आणि गोड्या पाण्यातले शंख मिळाले, तेही दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या तळ्याच्या गाळात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहत होता. मधल्या शांत काळात तळी साचायची, काठावर रान उगवायचं, मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकायचा. ज्वालामुखी खडकांतून झिरपलेल्या पाण्यात भरपूर सिलिका विरघळलेली असे. ती लाकडाच्या पेशीभित्तींना चिकटली, पेशींच्या पोकळ्यांत भरली, आधी जेलसारखी आणि कालांतराने कडक गारगोटी. ‘लाकडाचा दगड झाला’ असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा लाकडाचा थोडा भाग आत तसाच राहिलेला असतो. दगडाने त्याची जागा घेतलेली नसते, त्याला वेढलेलं असतं.

यावरच प्रयोगशाळेतली एक सुंदर युक्ती चालते. गारगोटी कापून तिचा पृष्ठभाग गुळगुळीत घासतात. मग तो काचही खाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ धरतात. सिलिका किंचित झिजते, पण पेशीभित्तींचा कार्बनी भाग झिजत नाही, तो केसभर वर उभा राहतो. दगड धुऊन वाळवायचा, त्यावर अ‍ॅसिटोन ओतायचं आणि लगेच सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ कागद टेकवायचा. कागद मऊ होऊन भित्तींभोवती बसतो. वाळला, की हातावरचा फेव्हिकॉल सोलावा तसा अलगद सोलून घ्यायचा. त्यावर सबंध काप उतरलेला असतो. पुन्हा घासायचं, पुन्हा सोलायचं. असे शेकडो काप एकामागे एक लावले, की फळाच्या आतली बी कशी बसली होती ते कळतं.

छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलांच्या गारगोटीतून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी 1934 मध्ये वर्णन केलेलं एनिग्मोकार्पॉन हे फळ असंच उलगडत गेलं. ते मेंदीच्या कुळातलं ठरलं. साहनी यांनी लखनौच्या आपल्या संस्थेची कोनशिलाही जीवाश्म बसवून घडवली होती. 3 एप्रिल 1949 रोजी नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि आठवड्याभरात साहनी गेले.

जीवाश्मांच्या या नोंदीला एक कल मात्र आहेच. टिकतं ते पाण्याकाठचं. डोंगरमाथ्यावरचं झाड जिथे पडलं तिथेच कुजलं, त्याची बाजू मांडायला कुणी नाही. शिवाय झाड कधी सबंध मिळत नाही. पान एकीकडे, मूळ दुसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळं नाव. ग्लॉसोप्टेरिसचं मूळ व्हर्टेब्रॅरिया या नावाने स्वतंत्र वनस्पती म्हणून कित्येक दशकं नांदत होतं.

आणि पाण्याकाठचं टिकलं, तरी ते पाणी कुठलं? साहनी आणि एच. एस. राव यांनी 1943 मध्ये सौसरच्या आसपासच्या गारगोटीतून अझोला नोंदवलं. छत्तीसगडच्या धानाच्या बांधीत नत्रासाठी सोडतात, त्याच अझोलाचं हे भावंड. ते गोड्या, संथ पाण्याचं. पण मोहगावला नीपाची फळंही मिळाली आहेत आणि नीपा हा सुंदरबनातल्या खारट-मचूळ खाडीत वाढणारा ताड. सौसर-छिंदवाडा आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. नीपाचं फळ तरंगतं हे खरं, पण ते नदीबरोबर समुद्राकडे जातं. उलट यायला भरतीचं पाणी लागतं. समुद्राचा एखादा फाटा तेव्हा मध्य भारतात शिरला होता, असं साहनींनी मांडलं ते याच फळाच्या जोरावर. शंख आणि अझोला मात्र गोड्या तळ्याच्या बाजूने साक्ष देतात, म्हणून हा वाद अजून एकेका थरातून, एकेका परागकणाच्या आधारे चालू आहे.