मक्ता खाणीचा, वाटा कोणाचा?

शेत बटईने द्यायचे म्हटले, की आपल्याकडे काही प्रश्न आधीच विचारले जातात. बी-खत कोणाचे? वाटणी कशी? पीक बुडाले तर तोटा कोणी सोसायचा? आणि बोलणी करणारा मध्यस्थ नेमका कोणाचा माणूस? परदेशी सरकारकडून खाणीचा मक्ता घेताना जी बोलणी होतात, त्यांच्या मुळाशीही हेच प्रश्न असतात. फरक असा, की शेत पुढच्या हंगामात परत घेता येते. खाणीचा मक्ता पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि एकदा काढलेला कोळसा पुन्हा उगवत नाही.

हे प्रश्न न विचारल्याने काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच जुन्या राज्यातले आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात येल्लंदूजवळ १८७१ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे डॉ. किंग यांना कोळसा सापडला. परळीच्या वीज केंद्रामुळे आपल्याला माहीत झालेला सिंगरेणीचा कोळसा तो हाच. लंडनच्या भांडवलदारांच्या दृष्टीने निजामाचे सरकार हे परके सरकार. त्यांच्यापैकी वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोघांनी १८८६ मध्ये संस्थानातील खनिजांचा मक्ता मिळवला. मुदत होती ९९ वर्षे.

या मक्त्यावर लंडनमध्ये 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' उभी राहिली. तिचे भांडवल दहा पौंडांच्या एक लाख शेअरचे. त्यांपैकी ८५,००० शेअर प्रवर्तकांनी मक्त्याच्या मोबदल्यात स्वतःकडे घेतले. खाण खणायला लागणारा रोख पैसा उरलेल्या १५,००० शेअरवरच यायचा होता. म्हणजे धंद्यात फारसे न घालता सिंहाचा वाटा आधीच उचललेला!

निजाम सरकारच्या वतीने बोलणी करणारे अधिकारी अब्दुल हक यांचा या शेअरमध्ये गुप्त हिस्सा होता. पुढे त्यांनी सरकारसाठी याच कंपनीचे शेअर दर्शनी किमतीपेक्षा चढ्या भावाने विकत घेतले. विकणारे कोण, हे मात्र सरकारला कळले नाही. प्रकरण फुटले, तेव्हा १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली आणि अब्दुल हक यांना पद गमवावे लागले. कंपनी मात्र चालूच राहिली. १९२० मध्ये तिची मालमत्ता सिंगरेणी कोलियरीज कंपनीकडे आली. संस्थानाने त्या कंपनीचे बहुसंख्य शेअर विकत घेतले ते १९४५ मध्ये. आपल्याच जमिनीतल्या कोळशावर ताबा मिळवायला जवळजवळ साठ वर्षे लागली, तीही पैसे मोजून.

आज आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहोत. बॅटरीसाठी लागणारे लिथियम मिळवण्यासाठी 'खनिज बिदेश इंडिया लिमिटेड' अर्थात 'काबिल' ही सरकारी कंपनी २०१९ मध्ये स्थापन झाली. तिच्या तीन भागीदारांपैकी एकाचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. १५ जानेवारी २०२४ रोजी काबिलने अर्जेंटिनातील कातामार्का प्रांताच्या सरकारी कंपनीशी करार केला. पाच पट्टे, सुमारे १५,७०० हेक्टर क्षेत्र. आधी शोध घ्यायचा आणि लिथियम सापडले तरच उत्पादनाचा हक्क, अशी त्याची रचना आहे.

मला ही रचना महत्त्वाची वाटते. शोधाचा खर्च आणि जोखीम मक्ता घेणाऱ्याने उचलायची असते. काही सापडले नाही, तर तो पैसा बुडाला. म्हणूनच मक्ता घेणारा लांब मुदत मागतो. देणाऱ्याने मात्र काम न केल्यास क्षेत्र परत घेण्याची अट घालावी, रॉयल्टी किती आणि कोणत्या भावावर हे ठरवावे, हिशेब तपासण्याचा हक्क राखावा. आणि सर्वांत आधी, आपल्या वतीने बोलणाऱ्याचा त्या व्यवहारात स्वतःचा वाटा नाही ना, हे पाहावे.

आपण परक्या देशात मक्ता घेऊ, तेव्हा समोरच्यांनीही हे प्रश्न विचारले, तर राग मानू नये. ते प्रश्न न विचारल्याची किंमत आपल्या पूर्वजांच्या राज्याने मोजलेली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)