नाताळवृक्षावरील वस्तू आणि कौटुंबिक स्मृती : वस्तुचरित्राच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

पाश्चात्त्य देशांतील, विशेषतः जर्मनी व अमेरिकेतील, असंख्य कुटुंबांत नाताळवृक्षाच्या सजावटीचे सामान वर्षभर माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात पडून असते. डिसेंबरात ते खोके खाली येते. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एकेक वस्तू बाहेर निघते आणि ती झाडावर टांगली जाण्यापूर्वी बहुधा एखादे वाक्य उच्चारले जाते : 'ही थोरलीच्या जन्माच्या वर्षीची', 'ही आजोबांनी युद्धाहून परतताना आणलेली', 'हिचा कान मांजराने फोडला'. या वस्तूंचा विचार कारागिरीचा वा व्यापाराचा इतिहास म्हणून पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र त्या वाक्यावर आहे. हजारोंच्या संख्येने तयार झालेला काचेचा गोळा एका घरापुरता एकमेव कसा ठरतो आणि ते एकमेवपण किती काळ टिकते, हा येथील प्रश्न होय.

वस्तूंचा उगम

जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात लाउशा हे डोंगराळ गाव आहे. तेथे १५९७ पासून काचेचे काम चालते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील कारागीर नाताळवृक्षासाठी काचेचे पोकळ गोळे, फळे आणि पक्षी फुंकू लागले. हा उद्योग घराघरांतून चाले. पुरुष ज्योतीवर काचेची नळी तापवून फुंकीत. गोळ्याला आतून रुपेरी मुलामा देणे, वरून रंगवणे, टोपण बसवणे, खोकी भरणे ही कामे स्त्रिया व मुले करीत. १८८० मध्ये अमेरिकन दुकानदार एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी असे थोडेसे गोळे नाखुशीनेच विकत घेतले आणि ते पाहता पाहता खपले, असे सांगितले जाते. पुढे त्यांच्या स्वस्त मालाच्या दुकानांतून लाउशाचा माल अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. अमेरिकेतील एखाद्या आजीच्या बालपणीची सर्वांत कोमल आठवण ज्या गोळ्याशी निगडित आहे, तो कदाचित तिच्याच वयाच्या एखाद्या लाउशाच्या मुलीने रात्री जागून रंगवलेला असेल. त्या मुलीची आठवण गोळ्याबरोबर समुद्रापार गेली नाही. कुटुंबाची स्मृती खरेदीच्या क्षणापासून सुरू होते; त्याआधीचे श्रम तिच्या कक्षेत येत नाहीत.

१९३९ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग या काच-कंपनीने विजेच्या दिव्यांचे बल्ब बनवण्याच्या यंत्रावर नाताळचे गोळे काढण्यास आरंभ केला. लवकरच दुसऱ्या महायुद्धामुळे धातूची टंचाई झाली. त्यामुळे रुपेरी मुलाम्याऐवजी नितळ काचेवर रंगीत पट्टे आले आणि धातूच्या टोपणाच्या जागी पुठ्ठ्याचे टोपण आले. संग्राहक त्या टोपणावरून गोळ्याचे वय ओळखतो. घरच्या माणसाला मात्र पुठ्ठ्याचे टोपण पाहून घरातला कर्ता पुरुष आघाडीवर होता तो नाताळ आठवतो.

क्रयवस्तूपासून एकमेव वस्तूपर्यंत

या परिवर्तनाचा उलगडा करण्यास मानवशास्त्रज्ञ इगोर कोपिटॉफ यांची मांडणी उपयुक्त ठरते. मुंबईत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' (१९८६) या ग्रंथातील निबंधात कोपिटॉफ यांनी माणसाप्रमाणे वस्तूचेही चरित्र लिहिता येते असे प्रतिपादन केले. क्रयवस्तू असणे ही वस्तूच्या आयुष्यातील केवळ एक अवस्था आहे. वस्तू बाजाराबाहेर पडून एकमेव होऊ शकते आणि पुन्हा बाजारात परतूही शकते.

घरातील नाताळवृक्ष पाहिला की याचा प्रत्यय येतो. दुकानाच्या दर्शनी भागातील झाड एकाच रंगसंगतीत सजलेले असते. घरातल्या झाडावर मात्र तार-काचेची शेपटी गळालेला पक्षी, बालवर्गात मॅकरोनी चिकटवून केलेली चांदणी आणि महागडा गोळा शेजारीशेजारी लटकतात. त्यांतही मॅकरोनीच्या चांदणीला पुढची जागा मिळते. ती करणारे मूल चाळिशीचे झाले तरी तिची जागा बदलत नाही. बाजार हे ओळखून आहे. हॉलमार्क कंपनीने १९७३ पासून 'कीपसेक' या नावाने सालागणिक शोभेच्या वस्तू विक्रीस आणल्या. 'बाळाचा पहिला नाताळ' असे आधीच छापलेली वस्तू विकत मिळते, हे एका परीने विलक्षणच. आठवण घडण्यापूर्वी तिचे शीर्षक तयार असते.

आठवणीचे खरेखोटेपण

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्ब्वाक्स यांनी १९२५ मधील ग्रंथात स्मृती ही सामाजिक चौकटींच्या आधाराने उभी राहते असे दाखवले आणि कुटुंब ही त्यांपैकी एक चौकट मानली. (ते १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मरण पावले, ती छावणी लाउशा ज्या थुरिंजियात आहे तेथेच होती.) त्यांचे म्हणणे स्वीकारल्यास खोक्याभोवती सांगितल्या जाणाऱ्या हकिकती तपशिलात चुकतात याचे नवल वाटत नाही. साल मागेपुढे होते, देणारी मावशी होती की आत्या यावर वाद होतो आणि वारंवार सांगितलेले रूप अखेरीस रूढ होते. अमेरिकेत झाडात काचेची काकडी लपवतात व ती प्रथम शोधणाऱ्या मुलास जादा भेट देतात. ही प्राचीन जर्मन प्रथा असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुतेक जर्मनांना ती ठाऊकच नसते. तथापि एखाद्या मुलीला ती काकडी तिच्या भावाआधी सापडली, ही आठवण त्यामुळे खोटी ठरत नाही.

मराठी वाचकास येथे पिढीजात गौरीच्या मुखवट्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेही वर्षातून एकदाच पेटीबाहेर येतात. मात्र मुखवट्याला पूजाविधीचा आधार असतो. त्याची हकिकत विसरली तरी तो पूजेत बसतो. काचेच्या गोळ्याला असा आधार नाही.

वारसा कशाचा?

म्हणूनच घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर त्या खोक्याचे काय होते हे पाहणे उद्बोधक ठरते. भावंडांत जमीनजुमल्याची वाटणी सुरळीत होते आणि एका पक्ष्यावरून अबोला धरला जातो, हे अशक्य नाही. कोणीच हक्क सांगितला नाही तर खोके जुन्या बाजारात जाते. तेथे साचा, रंगाची स्थिती आणि टोपण पाहून भाव ठरतो. कोपिटॉफ यांच्या भाषेत वस्तू पुन्हा क्रयवस्तू होते. चेक प्रजासत्ताकातील काचमण्यांपासून नाताळवृक्षाच्या वस्तू घडवण्याची कला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. जतन होते ते घडवण्याच्या कौशल्याचे. टांगताना उच्चारलेल्या वाक्याची नोंद अशा यादीत होत नाही.

काही कुटुंबे ती नोंद स्वतः करतात. खोक्याच्या झाकणाच्या आत किंवा वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीवर साल आणि देणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवतात. परंतु हे काम सहसा राहून जाते. सजावट करताना सारे घर जमलेले असते आणि बोलणे चाललेले असते, तेव्हा लिहिण्याची गरज कोणास वाटत नाही. सहा जानेवारीच्या सुमारास झाड उतरवले जाते तेव्हा बहुधा एकच जण, बहुतेकदा घरातील आई, घाईने सामान गुंडाळीत असते.