योजना चालू आहे, हे ठरवायचं कसं?

गावात नळपाणी योजना पूर्ण झाली की तीन गोष्टी कागदावर येतात: काम पूर्ण झाल्याचा दाखला, झालेला खर्च आणि दिलेल्या नळजोडण्या. योजनेचं खरं आयुष्य मात्र ती ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाल्यावर सुरू होतं. मग कधी मोटार जळते, कधी विहीर तळाला जाते, कधी वीजबिल थकतं, आणि काही वर्षांत त्याच गावासाठी नव्या योजनेचं अंदाजपत्रक तयार होतं. आधीची योजना का बुडाली, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. ते विचारायची एक रीत आहे.

पहिली अडचण गावं निवडतानाच येते. आज चालू असलेल्या योजनांच्या यादीतून गावं काढली, तर बंद पडलेल्या योजना तिथेच गळतात आणि निष्कर्ष आपोआप गोड येतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या कामांची यादी घ्यावी, तिच्यातून चिठ्ठ्या टाकून गावं निवडावीत आणि तिथे जाऊन तीच विहीर, तोच पंप, तीच टाकी शोधावी. नळाला पाणी येत असलं तरी ते जुन्या योजनेचं आहे की मधल्या काळातल्या रेट्रोफिटिंगचं, म्हणजे जुन्या योजनेत नंतर केलेल्या दुरुस्ती-वाढीचं, हे पाहावं लागतं. आराखड्यात जलवाहिनी 30 वर्षांसाठी आणि पंप 15 वर्षांसाठी धरलेला असतो. त्याआधीच सगळं बदलावं लागलं असेल, तर तो खर्चही मूळ योजनेच्याच नावावर मांडायला हवा.

जायचं कधी? मे महिन्यात. महाराष्ट्राचा चार पंचमांश भूभाग बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे थोडंच. पाऊस संपताना काठोकाठ भरलेली विहीर उन्हाळ्यात कोरडी पडू शकते. ऑक्टोबरात केलेल्या पाहणीत जवळजवळ प्रत्येक योजना उत्तम दिसेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते ती यासाठीच. एकाच वेळच्या पातळीवरून विहिरीचं वर्ष कळत नाही.

गावात पोचल्यावर टाकीपासून सुरुवात करू नये. थेट टोकाच्या घरी, वस्तीतल्या शेवटच्या नळापाशी जावं. वाटेतल्या काही घरांनी नळालाच मोटार जोडली असेल, तर टोकाला पाण्याचा जोर उरत नाही. तिथे बादली आणि घड्याळ एवढं साहित्य पुरतं. समजा, 15 लिटरची बादली भरायला तीन मिनिटं लागली, तर मिनिटाला 5 लिटर पाणी झालं. पाणी पाऊण तास सुटत असेल तर 225 लिटर. ते एक दिवसाआड येत असेल आणि घरात पाच माणसं असतील, तर माणशी रोज साडेबावीस लिटर. जल जीवन मिशनचं मानक 55 लिटरचं आहे. सरकारी नोंदीत या घराला नळजोडणी आहे आणि ती नोंद खोटी नाही, पण तिच्यातून त्या घरातल्या बाईने उरलेलं पाणी कुठून आणलं ते कळत नाही.

नळ आहे आणि नळ पुरेसं काम करतो, यातलं अंतर सरकारी पाहणीतही दिसलं आहे. 2022 च्या देशव्यापी कार्यक्षमता पाहणीत पाणी पुरेसं आहे का, ठरल्याप्रमाणे नियमित येतं का आणि शुद्ध आहे का, अशा तीन कसोट्या लावल्या होत्या. पुरेसं पाणी 85 टक्के घरांना मिळत होतं, नियमित 80 टक्क्यांना, गुणवत्तेत उतरणारं 87 टक्क्यांना. तिन्ही आकडे बरे वाटतात. पण तिन्ही कसोट्यांना एकदम उतरणारी घरं 62 टक्केच निघाली, कारण उणीव प्रत्येक ठिकाणी वेगळी होती. कुठे पाणी भरपूर पण अवेळी, कुठे वेळेवर पण दूषित. कसोट्या वेगवेगळ्या छापल्या की ही घरं नजरेआड होतात, म्हणून मूल्यमापनात सगळ्या कसोट्या एकाच घरावर लावल्याशिवाय आकडा मान्य करू नये असं मला ठामपणे वाटतं.

यानंतर काळाचा प्रश्न. एका गावातली मोटार वर्षातून दहा वेळा बिघडते आणि दर वेळी दोन दिवसांत सुरू होते. दुसऱ्या गावातली एकदाच बिघडते, पण दोन महिने पडून राहते. बिघाड मोजले तर दुसरं गाव सरस ठरतं. बिनपाण्याचे दिवस मोजले तर पहिल्या गावाचे 20 भरतात, दुसऱ्याचे 60. आणि तपासणी करणारा ज्या दिवशी गेला, त्या दिवशी दोन्ही पंप चालू असू शकतात. गेल्या बारा महिन्यांत किती दिवस पाणी आलं नाही, सलग जास्तीत जास्त किती दिवस आलं नाही आणि तेव्हा कुठलं पाणी वापरलं, हे प्रश्न बायकांना विचारावेत. त्यांची आठवण याबाबत पक्की असते.

अशी मोजणी केली की यंत्रही सुधारतं. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात खेड्यांतले हातपंप मोठ्या संख्येने बंद असल्याचं युनिसेफच्या ध्यानात आलं. पाहणीत तीन चतुर्थांश पंप नादुरुस्त निघाले. ते ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले होते, आणि इथे दिवसभर अख्खं गाव त्यांचा दांडा हलवत होतं. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत पोलादी, जास्त टिकाऊ पंप तयार झाले होते. सोलापूर पंपाच्या आधाराने पुढे इंडिया मार्क टू घडला. तो टिकाऊ होता, पण दुरुस्तीसाठी जमिनीखालचा सगळा पाइप वर ओढावा लागे आणि तालुक्याहून येणाऱ्या पथकाची वाट पाहावी लागे. कोइमतूर परिसरातल्या प्रत्यक्ष चाचण्यांनंतर आलेल्या मार्क थ्रीमध्ये पाइप न काढता आतला दट्ट्या बाहेर घेता येतो. पंप किती वेळा मोडतो याइतकंच तो कोण आणि किती लवकर जोडू शकतो, हेही तेव्हा मोजलं गेलं होतं.

यंत्र नीट असूनही योजना कोरडी पडते ती उद्भवामुळे, म्हणजे पाण्याच्या स्रोतामुळे. सार्वजनिक विहिरीभोवती चालत फिरून नव्या विहिरी आणि बोअर मोजाव्यात. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर 1993 च्या राज्याच्या भूजल कायद्याने बंधन घातलं. योजना आखली तेव्हा त्या परिघात किती विहिरी होत्या आणि आज किती आहेत, शेजारी ऊस किंवा फळबाग आली का, हे लिहून ठेवलं की पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बराचसा येतो.

शुद्धतेसाठी टोकाच्याच नळावर ओटी टेस्ट करावी. पाणी पिवळं झालं, तर क्लोरिन तिथवर पोचला आहे. शिवाय गावाची कार्डं मागावीत. वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलेल्या आणि साथ न आलेल्या गावाला चंदेरी. एका भेटीपेक्षा पाच वर्षांचा हा क्रम अधिक बोलका असतो.

मग ग्रामपंचायतीचं दप्तर. पाणीपट्टीची मागणी आणि वसुली, वीजबिल, पाणी शुद्ध करणाऱ्या टीसीएल पावडरची खरेदी, पाणी सोडणाऱ्याचं मानधन. समजा 300 घरांची वर्षाला 1200 रुपयांप्रमाणे मागणी 3 लाख 60 हजार आहे आणि वसुली 60 टक्के. हाती येतात 2 लाख 16 हजार. रोजचा खर्च यातून निघत असेलही, पण मोटार बदलायला काही बाजूला पडतं का? बहुतेक योजनांचं भवितव्य मला या एका प्रश्नात दिसतं. पाणी सोडणाऱ्याचं मानधन महिनोन्‌महिने थकलेलं असेल, तर तीही धोक्याची पहिली खूण समजावी, कारण वॉल्व्ह कुठे गळतो हे त्या एकाच माणसाला ठाऊक असतं.

बिघाड लवकर कळण्याचं मोल केनियातल्या क्युसो भागात दिसलं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हातपंपांच्या दांड्यांत मोबाइलवरून संदेश पाठवणारी यंत्रं बसवली. दांडा हलायचा थांबला की दुरुस्तीचं पथक निघे. पूर्वी पंप सुरू व्हायला सरासरी 27 दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले.

आपल्याकडे याची सुरुवात एका वहीने होऊ शकते. पाणी सोडणाऱ्याने रोज पंपाची वेळ, विजेच्या मीटरचा आकडा आणि दोरीने मोजलेली विहिरीची पातळी लिहावी, पाणी सुटलं नाही तर कारण लिहावं. 1 मेच्या ग्रामसभेत ही वही वाचली, तर विहिरीतला गाळ काढायला पावसाआधी महिनाभर हाती राहतो.