फेकायची गाळणी आणि परभणीचं पाणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर कधी अभिमानानं म्हणतात, तर कधी रस्त्यातला खड्डा चुकवताना. ती कुठून आली याबद्दल जो तो आपापली गोष्ट सांगतो. कॉफी गाळण्याच्या बाबतीत मात्र तिचा पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. एकदा वापरून टाकून द्यायची गाळणी जर्मनीत जन्मली.

ड्रेस्डेन शहरातली मेलिटा बेंट्झ ही गृहिणी कपाच्या तळाशी उरणाऱ्या गाळाला वैतागली होती. त्या काळी कॉफी एकतर पाण्यात तशीच उकळत किंवा फडक्यातून गाळत. चहाच्या टपरीवरचं फडकं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना तिची अडचण वेगळी सांगायला नको. फडकं कितीही धुतलं तरी कालचा वास आजच्या कपात उतरतोच. मेलिटाबाईंनी पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद कापून आत बसवला, त्यावर पूड घातली आणि वरून गरम पाणी ओतलं. 20 जून 1908 रोजी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात या युक्तीची नोंद झाली आणि डिसेंबरात कंपनी निघाली. भांडवल होतं 73 फेनिग, म्हणजे पुरता एक मार्कसुद्धा नाही. पुढच्या वर्षी लाइप्झिगच्या जत्रेत बाराशेच्या आसपास गाळण्या खपल्या. या गाळणीला वीज जोडायचं कामही जर्मनीतच झालं. गॉटलोब विडमान यांचं ‘विगोमाट’ हे ठिबकत्या कॉफीचं यंत्र 1954 चं.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. कागद आणि चोथा एकत्रच फेकायचा, मातीत दोन्ही कुजतात. भानगड सुरू झाली ती कॉफीची पूडही गाळणीतच सीलबंद करून विकायचं ठरलं तेव्हा. नेस्लेतले इंजिनिअर एरिक फाव्र यांनी रोममधल्या एका कॉफीबारचं कसब पाहून अॅल्युमिनियमच्या कुपीत कॉफी भरायची कल्पना काढली. 1976 मध्ये पेटंट झालं आणि 1986 मध्ये ‘नेसप्रेसो’ विकायला आली. अमेरिकेत जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन या कॉलेजपासूनच्या मित्रांनी 1992 मध्ये ‘क्युरिग’ कंपनी काढली. ऑफिसातल्या किटलीत तासन्‌तास तापत राहिलेली कडवट कॉफी त्यांना नको होती, ज्याला हवी त्याला त्याच्यापुरता ताजा कप मिळावा एवढंच डोक्यात होतं. चाचणीच्या काळात सिल्व्हन दिवसाला तीस-चाळीस कप चाखत आणि त्या कॅफिनपायी त्यांना दवाखाना गाठावा लागला. यंत्र बाजारात आलं 1998 मध्ये. त्याआधीच, 1997 मध्ये, सिल्व्हन आपला हिस्सा 50 हजार डॉलरला विकून बाहेर पडले होते. नंतर कंपनीचा धंदा अब्जावधी डॉलरवर गेला.

क्युरिगची कुपी, म्हणजे ‘के-कप’, उभी चिरून पाहण्यासारखी आहे. बाहेर प्लॅस्टिकचा छोटा पेला. त्याच्या काठाला आतून चिकटवलेली कागदी गाळणी, तीही पेल्याच्या बुडापर्यंत न पोचणारी. खाली मुद्दाम सोडलेली पोकळी. वर पातळ फॉइलचं झाकण. यंत्राचा दांडा खाली दाबला की वरची सुई झाकण भेदते आणि खालची बूड भेदते. पोकळी ठेवली म्हणून खालची सुई कागदाला लागत नाही. वरून कढत पाणी येतं, पुडीतून आणि कागदातून उतरतं, खालच्या पोकळ सुईतून कपात पडतं. हलणारे भाग मोजकेच. कागदावर काढलं तर शाळकरी पोरालाही समजेल.

खरी कसरत पेल्याच्या भिंतीत आहे. ताजी भाजलेली कॉफी कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहते, म्हणून लगेच सीलबंद केली तर झाकण फुगतं. उघडी ठेवली तर हवेतला ऑक्सिजन तिचा वास खातो. तेव्हा पूड आधी काही काळ मुरवायची, भरताना नायट्रोजन सोडायचा आणि पेला असा करायचा की महिनोन्‌महिने ऑक्सिजन आत शिरू नये. साध्या प्लॅस्टिकला हे जमत नाही. म्हणून दोन थरांच्या मध्ये ऑक्सिजन अडवणारा तिसरा थर घालतात. मूळच्या के-कपला पुनर्वापराच्या वर्गवारीत ‘7’ हा आकडा मिळाला तो यामुळेच. तो ‘इतर’ या सदराचा आकडा आहे, आणि भंगारवाला सहसा तो माल घेत नाही. कंपनीनं पुढे पॉलिप्रॉपिलीनकडे वळून 2020 अखेरपर्यंत सगळ्या कुप्यांच्या प्लॅस्टिकवर पुनर्प्रक्रिया करता येईल असं केलं. पण त्यासाठी गिऱ्हाइकानं झाकण सोलायचं, चोथा काढायचा आणि मग पेला टाकायचा. एवढीच उसाभर करायची असती तर कुपी घेतलीच कशाला असती?

धंद्याची मेख अर्थातच यंत्रात नाही, कुपीत आहे. यंत्र एकदाच विकलं जातं, कुपी रोज. 2012 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हिशोब मांडला तेव्हा कुपीतल्या कॉफीचा भाव पौंडाला 50 डॉलरच्या वर निघाला. पेटंटची मुदत संपून दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त कुप्या आल्या, तेव्हा क्युरिगनं 2014 मध्ये असं यंत्र काढलं की जे झाकणावरची खास शाई ओळखायचं आणि परकी कुपी चालवायलाच नकार द्यायचं. लोकांनी अस्सल कुपीच्या झाकणाचा तुकडा कापून परक्या कुपीवर चिकटवला आणि यंत्राला गंडवलं. वर्षभरात कंपनीला चूक कबूल करावी लागली. 2014 च्याच डिसेंबरात आणखी एक दणका बसला होता. ‘मिनी प्लस’ या मॉडेलमधून कढत पाणी उडून माणसं भाजल्याच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेतच सुमारे 66 लाख यंत्रांच्या दुरुस्तीची जबाबदारी कंपनीवर आली. पाव लिटर पाणी उकळीच्या जवळ नेऊन दाबाखाली ढकलणारी वस्तू आहे ती, खेळणं नव्हे.

आणि जर्मनी? 2016 मध्ये हॅम्बुर्ग शहरानं सरकारी पैशातून कॉफीच्या कुप्या घ्यायला मनाई केली. सहा ग्रॅम कॉफीसाठी तीन ग्रॅम वेष्टन, हे त्यांच्या हिशोबात बसेना.

हीच वस्तू परभणीसाठी आखायची झाली तर? जिल्हा चहाचा, यात वाद नाही. पूर्णा जंक्शनपासून गंगाखेडपर्यंत कुठेही उतरलं तरी आधी चहाच समोर येतो. कॉफी घरात येते ती एक-दोन रुपयांच्या पुडीतून, दुधात उकळून, वर जायफळ किसून. राज्यातली कॉफीची लागवड तर पार अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर. तरीही कचेऱ्या, बँका, दवाखाने, मंगल कार्यालयं इथं तयार पावडरीवर चालणारी यंत्रं आलीच आहेत. खऱ्या कॉफीचं यंत्र कधीतरी येणार, आणि ते दुसऱ्या कुणाच्या पाण्यासाठी बनवलेलं असेल.

कारण पहिली अडचण पाण्याचीच येईल. जिल्ह्यात पूर्णेवर येलदरी धरण आहे, सेलूकडे दुधनेवर निम्न दुधना धरण आहे, तरी नळ रोज येईल याची खात्री नसलेली घरं बोअरवर चालतात. काळ्या बेसाल्टमधून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर इथं सगळ्यांच्या ओळखीचा. कॉफीयंत्रातली नळी पेन्सिलीपेक्षाही बारीक असते, तिथं तोच थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी वाट बंद होते. चवीवरही परिणाम होतोच, कारण पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आंबट धार मारून टाकतात. तेव्हा नळी खोलून लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं धुता आली पाहिजे, आणि ती खोलायला कंपनीचा माणूस छत्रपती संभाजीनगरहून बोलवावा लागू नये.

दुसरी अडचण विजेची. अमेरिकन कप म्हणजे साधारण 235 मिलिलिटर. तेवढं पाणी अर्ध्या-पाऊण मिनिटात तापवायला पंधराशे वॅटच्या आसपासचं हीटर लागतं. दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी घेतलेला घरचा इन्व्हर्टर त्याला बघूनच बीप करायला लागेल.

पण परभणीला 235 मिलिलिटर काळी कॉफी हवीय कुणाला? दूध घालायचं तर लागतो तो दाट अर्क, 60 मिलिलिटर पुरे. तेवढं पाणी 25 अंशांवरून 93 अंशांवर न्यायला जेमतेम 17 किलोज्यूल ऊर्जा लागते. 500 वॅटचं हीटर ते काम 35 सेकंदांत करतं. मे महिन्यात टाकीतलं पाणी मुळातच 40 अंशांवर असतं, तेव्हा आणखी आठ सेकंद वाचतात. उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा! दूध गॅसवर तापेपर्यंत अर्क तयार. क्युरिगवाल्यांना वेग हवा होता, कारण त्यांच्या कपात दूध नव्हतं. इथं दुधाला उकळी फुटायला दोन-तीन मिनिटं जाणारच आहेत, मग यंत्रानं घाई कशाला करायची? दक्षिणेतलं पितळी फिल्टर तर तासभरही थांबतं, आणि त्याच्या चिकोरी घातलेल्या पुडीला तशी सवड लागतेही.

राहिला कचरा, आणि इथं हॅम्बुर्गचा हिशोब परभणीलाही लागू पडतो. पंचवीस माणसांची कचेरी, माणशी दोन कप, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे 1250 कुप्या. तीन ग्रॅमनं धरलं तर पावणेचार किलो वेष्टन, वर भिजलेला चोथा निराळा. घंटागाडीवाल्यानं ही कुपी ओल्यात टाकायची की सुक्यात? आत ओला कचरा, बाहेर सुका. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे बंद झाले आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड लागला. 1 जुलै 2022 पासून देशभर तशीच बंदी आली. कॉफीची कुपी वेष्टन म्हणून या यादीतून निसटते. वेष्टन परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे खरी, पण पालम किंवा सोनपेठहून रिकाम्या कुप्या गोळा करायला कोण येणार? मक्यापासून केलेलं ‘कुजणारं’ प्लॅस्टिकही उकिरड्यात सहजी कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या घरात सतत तापमान राखणारा खतप्रकल्प लागतो.

फेकायची गाळणी किती दिवसांनी फेकायची, याचा विचार महाराष्ट्रात एकदा फार चांगला झाला आहे. पुण्याच्या टाटा संशोधन विकास आणि आरेखन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायचं काम 1980 च्या दशकापासून चाललं होतं. त्यातून आधी ‘सुजल’ आणि डिसेंबर 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ आलं. वीज लागत नाही, नळजोड लागत नाही. राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेला एक बल्ब, आणि 3000 लिटर पाणी गाळून झालं की तो आपणहून वाट बंद करतो. तेव्हा यंत्र हजार रुपयांच्या आत आणि बल्ब 299 रुपयांना होता. एक बल्ब म्हणजे घराचे कित्येक महिने. कॉफीच्या कुपीचं आयुष्य अर्ध्या मिनिटाचं, तरी तिची भिंत वर्षभर टिकेल अशी बांधलेली असते. दोन्ही डिझाइनं एका टेबलावर ठेवून विद्यार्थ्यांना दाखवली पाहिजेत.

म्हणून परभणीच्या यंत्रासाठी उलट्या टोकानं सुरुवात करावी, आधी घंटागाडी आणि मग कप. प्लॅस्टिकचा पेला सोडून नुसती कागदाची चकती घ्यावी. फिलिप्स आणि डाउवे एगबर्ट्स यांनी 2001 मध्ये आणलेल्या ‘सेन्सेओ’त हेच आहे, दोन कागदांच्या मध्ये पूड. भारतात ‘ब्लू टोकाई’सारख्या कंपन्या कपाच्या काठाला अडकवायच्या कागदी पिशव्या विकतात, त्याला तर यंत्रही लागत नाही. कागदाची एक जमेची बाजू अशी की कॉफीतलं कोलेस्टेरॉल वाढवणारं तेल तो बरंचसं अडवतो. एक खोडही आहे. कडा उष्णतेनं चिकटवायच्या कागदात बऱ्याचदा प्लॅस्टिकचे धागे मिसळलेले असतात, म्हणून कडा दाबून किंवा शिवून घ्याव्या लागतील. ताजेपणाचा प्रश्न उरतो, आणि चव्वेचाळीस अंशांच्या परभणीत तो लवकर उभा राहतो. त्यावर उपाय घट्ट झाकणाचा, वीस चकत्यांचा स्टीलचा डबा. रोज चार कप घेणारं घर तो पाच दिवसांत संपवेल, दुकानदाराकडे देऊन पुन्हा भरून घेईल. वर्षभर ऑक्सिजन अडवणारी भिंत मग कशालाच लागत नाही.

तर चकतीत दहा ग्रॅम पूड, 60 मिलिलिटर पाणी, 500 वॅटचं हीटर, हात जाईल एवढ्या तोंडाची टाकी, दोन स्क्रू काढले की बाहेर येणारी नळी, आणि खाली चकत्यांसाठी एक ट्रे. हा ट्रे संध्याकाळी ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत रिकामा करायचा. जायफळ किसायची सोय यंत्रात देऊ नये; ते काम किसणीवरच बरं होतं.