दारच्या सोबत्याचा निरोप

कुत्र्याचें आयुष्य माणसाच्या मानानें तोकडें, हें पिलूं घरांत आणतांना सर्वांनाच ठाऊक असतें. पण तेव्हां तें कोणी मनावर घेत नाहीं. थोराड जातींचे कुत्रे आठ-दहा वर्षांतच म्हातारे होतात. लहान चणीचे बारा ते पंधरा वर्षें काढतात. ज्या मुलाच्या मुंजीच्या सुमारास पिलूं आलें, तो मुलगा पदवी घेऊन नोकरीस लागतो न लागतो, तोंच त्याच्या सवंगड्याचे दिवस भरत येतात. एकत्र कुटुंबांत तर या प्राण्याचें नातें प्रत्येकाशीं निराळें असतें. आजोबांना तो फिरायला सोबत, मुलांना खेळगडी, सुनांना दुपारच्या निजानिजीच्या वेळीं दाराची राखण. घरांतल्या रुसव्याफुगव्यांत तो कोणाचाच पक्ष घेत नाहीं, म्हणून तो सर्वांचा असतो. असें असूनही त्याच्या मृत्यूचें सुतक नाहीं, समाचाराला कोणी येत नाहीं. ‘कुत्रेंच तें’ एवढ्या दोन शब्दांत लोक त्याची बोळवण करतात. अशा वेळीं घरच्यांनीं काय करावें, यासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कित्येक वडील मंडळी म्हणतात, ज्याला आपण शिवत नाहीं त्याचें एवढें कौतुक कशाला? देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून कुत्र्याला दूर ठेवण्याची आपली चाल आहे, हें खरें. परंतु ज्या आचारानें त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलें, त्याच आचारानें वैश्वदेवाच्या वेळीं त्याचा भाग काढून ठेवण्यास सांगितलें आहे. ऋग्वेदांत सरमा ही देवांची कुत्री आहे. दत्तात्रेयाच्या पायांशीं जे चार कुत्रे दाखवितात, त्यांस चार वेद मानतात. माणसाशेजारीं कुत्र्याला मूठमाती देण्याची चालही आपल्या देशांत जुनी आहे. काश्मीरांत बुर्झहोम येथें १९६० ते १९७१ या काळांत झालेल्या उत्खननांत नवाश्मयुगीन लोकांनीं आपल्या मृतांबरोबर कुत्रेही पुरल्याचें आढळलें. तेव्हां कुत्र्यासाठीं हळहळणें हें कांहीं साहेबी खूळ नव्हे.

या सर्वांवर ताण म्हणजे महाभारतांतील महाप्रास्थानिक पर्व. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेंत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गांत थारा नाहीं, त्याला येथेंच सोड. युधिष्ठिराचें उत्तर असें कीं, आपल्या आश्रयाला राहिलेल्याचा त्याग हें ब्रह्महत्येच्या तोडीचें पाप आहे. स्वर्ग नसला तरी चालेल. तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म होता, हें त्याला मागाहून कळलें. आमच्या मतें या कथेचें मर्म ‘त्याग’ या एका शब्दांत आहे, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतींत घरोघर उठणारा प्रश्नही तोच आहे: दुखणें असाध्य झालें असतां डॉक्टरकडून सुई देवववून त्याला सोडविणें हा त्याग कीं सेवा?

आमच्या घरीं हा प्रश्न चौदा वर्षांच्या मोत्यामुळें उभा राहिला. प्रथम त्याचे मागचे पाय गेले. मग जिन्याची पायरी गेली. मग रात्रीं उठून भिंतीकडे तोंड करून तो भुंकत उभा राहूं लागला. म्हातारपणीं कुत्र्यांनाही माणसांसारखा स्मृतिभ्रंश होतो, असें पशुवैद्यानें सांगितलें. घरांत दोन तट पडले. आजी म्हणत, ज्याचे भोग त्यानें भोगूनच संपवावेत; मधला भाऊ म्हणे, हें पाहवत नाहीं, उद्यांच डॉक्टर बोलवा. दोघांचाही जीव त्याच्यावर होता, म्हणूनच वाद कडू झाला. शेवटीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज रात्रीं खूण करावयाची असें ठरलें. तो आपण होऊन जेवला, कोणी आल्यावर शेपटी हालविली, कण्हल्यावांचून निजला, तर टिंब. नाहीं तर फुली. तिसऱ्या आठवड्यांत सात दिवसांच्या सहा फुल्या झाल्या. त्या रात्रीं आजींनीं दिनदर्शिकेकडे बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, “आतां आपल्यासाठीं त्याला ठेवूं नका.” मग दुसरें कोणी कांहीं बोललें नाहीं.

आमची ही युक्ति घरगुती होती. पण तिच्यामागचें तत्त्व शास्त्रांतही आहे. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनीं २००४ सालीं अशा वेळीं पाहावयाच्या सात गोष्टी सांगितल्या: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाइटापेक्षां बरे दिवस अधिक आहेत कीं नाहींत. प्रत्येकीला दहांपैकीं गुण देऊन बेरीज पाहावयाची. त्यामुळें एकाच्या मनाचा हळवेपणा किंवा दुसऱ्याचा उतावळेपणा यांवर निर्णय राहत नाहीं. वेदना आटोक्यांत राहत असतील, तर घरींच शुश्रूषा करून नैसर्गिक मरणाची वाट पाहणें यांतही गैर कांहीं नाहीं. मात्र माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या त्याला देऊं नयेत. आयबुप्रोफेनसारखें औषध कुत्र्याला विषासमान ठरतें.

आणि हिंसेचें काय? १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. गांधीजींनीं सहकाऱ्यांशीं विचार करून डॉक्टरकडून विषाची सुई देवविली आणि त्याचे हाल संपविले. यावर त्यांच्याकडे संतापाचीं पत्रें आलीं. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ यांतून त्यांनीं उत्तर दिलें. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, केवळ जीव न घेणें म्हणजे अहिंसा नव्हे. कृत्य कोणाच्या हितासाठीं आणि कोणत्या बुद्धीनें केलें, हें पाहिलें पाहिजे. १९६० च्या पशुक्रूरता-प्रतिबंधक कायद्यांतही, जनावर जिवंत ठेवणेंच क्रूरपणाचें होईल, अशी अवस्था मान्य केली आहे. म्हणून आम्हांला वाटतें, स्वतःचा त्रास चुकविण्यासाठीं सुई दिली तर तो त्याग. त्याचा त्रास चुकविण्यासाठीं, त्याच्याजवळ बसून दिली तर ती सेवा.

जवळ बसणें हें महत्त्वाचें. पुष्कळ लोक कुत्र्याला डॉक्टरच्या हवालीं करून बाहेर जाऊन उभे राहतात. त्या अनोळखी खोलींत तो आपल्या माणसांना शोधीत असतो. डॉक्टर घरीं येत असेल तर उत्तमच. प्रथम गुंगीचें औषध देतात. मग भुलीच्या जातीचें औषध मोठ्या मात्रेनें शिरेंत सोडतात. कांहीं क्षणांत शुद्ध जाते, आणि थोड्याच मिनिटांत हृदय थांबतें. डोळे उघडेच राहतात, मागाहून एखादा श्वास किंवा स्नायूंचा झटका येतो. तें दुःखाचें लक्षण नव्हे, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे पाहणारा घाबरत नाहीं. मोत्याच्या वेळीं आजींनीं दूधभात स्वतः कालवून बाहेर पाठविला. त्यानें दोन घास खाल्ले.

मुलांशीं मात्र खरें बोलावें. ‘गांवीं पाठविला’ म्हटलें तर मूल वाट पाहत राहतें. ‘झोपविला’ म्हटलें तर ज्या रात्रीं आजोबा लवकर निजतील त्या रात्रीं तें जागें राहील. ‘तो मेला, आतां परत येणार नाहीं, आणि त्याला दुखत नाहीं’ एवढें पुरे. निरोप घ्यावयास यावें कीं नाहीं, हें मुलालाच ठरवूं द्यावें. घरांत दुसरा कुत्रा असला तर तोही कांहीं दिवस शोधाशोध करतो, नीट जेवत नाहीं. त्याला रागावूं नये.

अंत्यविधीबद्दल एकच सूचना. सुईनें गेलेल्या कुत्र्याच्या शरीरांत तें औषध राहतें. तें उघड्यावर टाकलें तर घारी, गिधाडें व इतर कुत्रे यांना विषबाधा होते. म्हणून विहिरीपासून दूर खोल खड्ड्यांत पुरावें किंवा दहन करावें. मुंबईस महानगरपालिकेनें २०२३ सालीं मालाड येथें लहान जनावरांसाठीं दाहिनी सुरू केली आहे. इतरत्र पशुवैद्याकडे किंवा नगरपालिकेंत आधींच चौकशी करून ठेवावी. ऐन वेळीं तें सुचत नाहीं.

ज्यांच्या घरीं आज असा एखादा म्हातारा अंगणांत उन्हाला पडला असेल, त्यांना आमचें इतकेंच सांगणें कीं, हा निर्णय एकाच्या डोक्यावर टाकूं नका. सर्वांनीं मिळून वाढविलेल्या जीवाला सर्वांनीं मिळूनच पोंचवावें, आणि तो गेल्यावर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें तर त्याला हंसूं नये. घरांतल्या लहानांना दुसऱ्याचें म्हातारपण कसें सांभाळावें, हें बहुधा येथेंच प्रथम पाहावयास मिळतें.