स्प्रे गनसाठी रंगाचा दाटपणा

स्प्रे गनमध्ये दाबाखालची हवा रंगाच्या धारेवर आदळते आणि धारेचे बारीक तुषार होतात. ते पृष्ठभागावर पडून एकमेकांत मिसळतात, पसरतात आणि सपाट थर बनतो. रंग जास्त दाट असेल तर धार नीट फुटत नाही. मोठे थेंब पडतात आणि ते पसरण्याआधीच थिनर उडून जातो, त्यामुळे वाळलेला थर संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल दिसतो. रंग जास्त पातळ असेल तर उभ्या भागावर ओघळ येतात, कडांवरचा थर विरळ होतो आणि खालचा रंग झाकला जात नाही. या दोन दोषांच्या मधला दाटपणा, म्हणजेच शास्त्रीय भाषेत श्यानता, मोजून गाठता येतो. त्याचे साधन साधे आहे: तळाला ठरावीक मापाचे छिद्र असलेला कप आणि एक स्टॉपवॉच.

1920 च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांत नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. ड्यू पाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ लॅकरमुळे ब्रशने अनेक दिवस चालणारे काम स्प्रे गनने थोड्या वेळात होऊ लागले. रंग झपाट्याने वाळत असल्याने गनमध्ये भरण्यापूर्वीच त्याचा दाटपणा बरोबर असणे भाग होते. अशा कामासाठी फोर्ड मोटर कंपनीच्या नावाचा कप रूढ झाला. फोर्ड कप क्रमांक 4 मध्ये सुमारे 100 मिलिलिटर रंग मावतो आणि त्याचे छिद्र सुमारे 4.1 मिलिमीटर व्यासाचे असते. ब्रिटिश मानकातला बी-4 कप भारतातही वापरात आहे. जर्मन डिन-4 आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 2431 प्रमाणे बनवलेले कप याच घराण्यातले. झान कप मात्र वेगळा. लांब दांड्याचा, सुमारे 44 मिलिलिटरचा हा कप थेट डब्यात बुडवून वर काढतात, त्यामुळे चालू कामात झटपट तपासणी होते.

कप वेगळा की सेकंदही वेगळे. डिन-4 कपात 25 सेकंद घेणारा रंग 4 मिलिमीटरच्या आयएसओ कपात 70 सेकंदांच्या आसपास घेतो, कारण आयएसओ कपाची नळी लांब असते आणि तिच्यातून वाहताना रंगाला जास्त अडथळा होतो. म्हणून नुसते ‘25 सेकंद’ म्हणून भागत नाही, कपाचे नाव सांगावेच लागते. शिवाय सेकंद दुप्पट झाले म्हणजे दाटपणा बरोबर दुप्पट झाला, असेही नाही. फोर्ड-4 च्या सूत्रानुसार 20 सेकंदांना श्यानता सुमारे 60 सेंटिस्टोक्स येते, तर 40 सेकंदांना सुमारे 137.

मोजण्याआधी रंग तळापासून ढवळून बारीक जाळीतून गाळतात. कप स्टँडवर समपातळीत ठेवतात, खालचे छिद्र बोटाने बंद करतात आणि रंग काठाबाहेर किंचित ओसंडेपर्यंत भरतात. हवेचे बुडबुडे वर येऊ देऊन काचपट्टीने वरचा भाग सपाट करतात. बोट काढताच स्टॉपवॉच सुरू होते. छिद्राखालची अखंड धार पहिल्यांदा तुटली की ते थांबवतात. त्यानंतर पडणारे थेंब धरत नाहीत. मोजणी पुन्हा करतात आणि दोन आकड्यांत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडला तर कारण शोधतात. काम होताच कप योग्य थिनरने आणि मऊ ब्रशने धुतात. छिद्रात तार घालू नये. चरा पडला किंवा छिद्र किंचितही मोठे झाले तर कप कायमचा चुकीचे सांगू लागतो.

तापमान या मोजणीत थेट शिरते. फोर्ड कपासाठी 25 अंश सेल्सिअस आणि आयएसओ कपासाठी 23 अंश हे प्रमाण तापमान आहे, तर भारतीय रंगांच्या माहितीपत्रकांत बऱ्याचदा 30 अंशांवरचे सेकंद दिलेले असतात. नागपूरच्या जानेवारीतल्या सकाळी शेडमधला रंग घट्ट वाटतो आणि मे महिन्याच्या दुपारी तोच सैल होतो. थंड रंगात थेट थिनर ओतण्याऐवजी डबा कोमट पाण्यात ठेवून आधी नेमक्या तापमानाला आणावा. ज्योतीवर किंवा शेगडीवर तो कधीही तापवू नये. मोठ्या कारखान्यांत तर थिनर वाचवण्यासाठी रंग मुद्दाम गरम करून फवारण्याची पद्धतही आहे.

गाड्यांच्या वरच्या थरांसाठी फोर्ड-4 किंवा डिन-4 कपात साधारण 15 ते 25 सेकंद हा पल्ला असतो. नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकातून घ्यावा. थोडा न मिसळलेला रंग आधी बाजूला काढून ठेवावा आणि उरलेल्यात एका वेळी सुमारे पाच टक्के थिनर घालून, ढवळून पुन्हा मोजावे. पहिल्या काही भरींतच दाटपणा झपाट्याने उतरतो, त्यामुळे एकदम ओतले तर हवा तो आकडा मागे पडतो. तसे झालेच तर बाजूला ठेवलेला रंग उपयोगी येतो.

जास्त थिनरची किंमत थराच्या जाडीत मोजावी लागते. आकारमानाने 40 टक्के घन भाग असलेल्या रंगात 25 टक्के थिनर घातले तर घन भाग 32 टक्क्यांवर येतो. मग 100 मायक्रॉनचा ओला थर वाळून 40 ऐवजी 32 मायक्रॉनच उरतो आणि तीच जाडी मिळवायला जादा हात द्यावा लागतो.

थिनरची जातही जुळली पाहिजे. इनॅमलला टर्पेंटाइन, नायट्रोसेल्युलोजला एनसी थिनर, पॉलियुरेथेनला म्हणजे पीयूला पीयू थिनर. चुकीचा थिनर घातला तर रंग फाटतो, बंधक द्रव्य गुठळ्या होऊन वेगळे पडते. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत झपाट्याने उडणारा थिनर पृष्ठभाग गार करतो, त्यावर बाष्प जमते आणि लॅकर पांढुरका पडतो. तिथे हळू उडणारा थिनर लागतो.

दोन घटकांच्या पीयू रंगात पत्रकात सांगितलेल्या प्रमाणात आधी हार्डनर मिसळतात, मग थिनर. हार्डनर पडताच रासायनिक क्रिया सुरू होते आणि रंग हळूहळू दाट होत जातो. तासाभराने सेकंद वाढले म्हणून पुन्हा थिनर ओतणे घातक असते. त्याने आकडा उतरतो, पण सुरू झालेली क्रिया मागे फिरत नाही आणि थर कमकुवत राहतो. पत्रकात दिलेली वापराची मुदत संपली की उरलेला रंग बाजूला काढावा लागतो.

सगळे रंग कपाला साथ देत नाहीत. ढवळल्यावर सैल होऊन स्थिर ठेवताच पुन्हा घट्ट होणाऱ्या रंगांचे सेकंद दर मोजणीला बदलतात. पाण्यावर आधारित अनेक मेटॅलिक बेसकोट या जातीचे असतात, म्हणून त्यांचे उत्पादक थिनरची ठरावीक टक्केवारीच देतात आणि प्रयोगशाळेत फिरत्या दांडीचा श्यानतामापक वापरतात. मेटॅलिकमध्ये चुकीची शिक्षा लगेच दिसते: थर जास्त ओला पडला तर समोरून छटा गडद दिसते आणि कोरडा पडला तर उजळ, मग बदललेला दरवाजा बाकीच्या गाडीशी जुळत नाही.

आकडा बरोबर आल्यावर उरतात गनचे नोझल, हवेचा दाब आणि अंतर. बेसकोट व क्लिअरसाठी सुमारे 1.3 ते 1.4 मिलिमीटरचे नोझल चालते, जाड प्रायमरला त्याहून मोठे लागते. दाट रंग फोडण्यासाठी दाब वाढवत नेला तर तुषार उडून हवेत जातात, रंग वाया जातो आणि कारागिराच्या श्वासात उतरतो. थिनरच्या वाफा ज्वलनशील आणि आरोग्याला अपायकारक असल्याने खेळती हवा, योग्य मास्क आणि ठिणगीपासून दूरची जागा मोजणीच्या वेळीही हवी. शेवटी कपाचे नाव, तापमान, सेकंद, थिनरची जात आणि प्रमाण वहीत नोंदवावे. पुढच्या वेळी दुसऱ्या हातालाही त्याच नोंदीवरून तसाच थर देता येतो.